पाच रुपयांचं पाकीट आणि रात्री अकराची वेळ

जानेवारी २०२६ मध्ये संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालात एक सूचना आहे. अल्ट्रा-प्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात घडवलेल्या आणि रंग, स्वाद, मीठ-साखरेने चटकदार केलेल्या पदार्थांच्या जाहिराती सकाळी सहा ते रात्री अकरा या वेळेत सगळ्याच माध्यमांवर बंद ठेवता येतील का, याचा विचार व्हावा, असं त्यात म्हटलं आहे. हा कायदा नव्हे. अशा अहवालांतल्या कितीतरी सूचना छापल्या जागीच राहतात. तरी ही सूचना आरोग्य खात्याच्या पत्रकातून न येता अर्थ मंत्रालयाच्या कागदातून आली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. देशात या पदार्थांची किरकोळ विक्री २००६ साली सुमारे ९० कोटी डॉलरची होती. २०१९ पर्यंत ती ३,८०० कोटी डॉलरच्या घरात गेली. तेरा वर्षांत चाळीसपट वाढणाऱ्या धंद्याचं दवाखान्याचं बिल पुढे कुणाच्या नावे फाटणार, हा प्रश्न अर्थखात्याला पडणं साहजिकच आहे.

रात्री अकराची वेळ वाचून मला लातूरचा शिकवणीचा भाग आठवला. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने दहावीनंतर राज्यभरातून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं तिथे खोल्या घेऊन राहतात. नांदेडलाही आता तेच चित्र आहे. या मुलांचा दिवस अकराला संपत नाही. अभ्यासिकेतून बाहेर पडायचं, टपरीवर काहीतरी तोंडात टाकायचं आणि पुन्हा वही उघडायची. मेसचा डबा सातला आलेला असतो, वरण गार झालेलं असतं. घरी आई असती तर रात्री तव्यावर पटकन भाकरी पडली असती किंवा मुरमुऱ्यांचा सुशीला परतला गेला असता. इथे समोर काय, तर रंगीत पाकिटांच्या माळा आणि कंपनीने दिलेल्या काचेच्या फ्रीजमधलं कॅफीनचं पेय. त्या बाटलीवर 'मुलांसाठी शिफारस नाही' असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते छापलेलं असतंही, पण वाचायला बाटली डोळ्यांपाशी न्यावी लागते. जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदी करू, असं सांगितलं होतं. पण ते शाळांबद्दल. शिकवणीचे वर्ग, खासगी हॉस्टेल आणि अभ्यासिका यांचं काय करायचं, हे कुणी ठरवलेलं नाही, आणि लातूर-नांदेडची निम्मी गोष्ट तर तिथेच घडते.

आता कायद्यात काय आहे ते बघू. पुष्कळ आहे. दिल्ली उच्च न्यायालयात २०१० साली शाळांभोवतीच्या जंक फूडविरुद्ध जनहित याचिका झाली. तिचा पाठपुरावा होत होत केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये शालेय आहाराचे नियम काढले आणि ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ विकायचे नाहीत आणि त्यांची जाहिरातही करायची नाही, असा तो नियम. महाराष्ट्राने त्याआधीच, मे २०१७ मध्ये, शाळेच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेयं हद्दपार करणारा शासन निर्णय काढला होता. मग जून २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखालची मार्गदर्शक तत्त्वं आली. मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या वाहिनीवर चिप्स, शीतपेयं वगैरे जंक फूडची जाहिरात करू नये, असं त्यांत स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे.

वाचायला चांगलं आहे. घोडं अडतं ते दोन ठिकाणी.

पहिली अडचण आकड्यांची. २०२२च्या तत्त्वांत 'जंक फूड' म्हणजे काय याची व्याख्याच नाही. २०२०च्या नियमांत व्याख्या आहे, पण ती अशी की ज्यात चरबी, साखर किंवा मीठ जास्त, तो जास्त चरबी-साखर-मिठाचा पदार्थ. शंभर ग्रॅमला किती म्हणजे जास्त, ते नाही. अन्न निरीक्षकाने कोणत्या बळावर नोटीस काढायची? दक्षिण अमेरिकेतल्या चिली या देशाने हीच गोष्ट नेमकी करून ठेवली. १०० ग्रॅम घन पदार्थात २७५ किलोकॅलरी, ४०० मिलिग्रॅम सोडियम, १० ग्रॅम साखर किंवा ४ ग्रॅम संपृक्त चरबी, यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी पाकिटावर काळा अष्टकोन. पेयांसाठी साखरेची मर्यादा १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम. आपल्याकडच्या साध्या बटाटा वेफर्सचं पाकीट उलटं करून बघा, १०० ग्रॅमला पाचशेच्या पुढे किलोकॅलरी दिसतील. कोलाच्या बाटलीत १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. तिथल्या हिशेबाने दोन्हींवर अष्टकोन बसतो.

(दिवाळीच्या चकलीवरही बसेल, हे खरं. पण चकलीसाठी कुणी क्रिकेटपटूला कोट्यवधी रुपये देत नाही, आणि श्रावणात मूल चकलीसाठी रस्त्यावर लोळणही घेत नाही.)

दुसरी अडचण मोठी आहे. मराठवाड्यातलं मूल जाहिरात बघतं कुठे? 'खास मुलांची वाहिनी' हा शब्द दिल्लीत बसून सुचलेला दिसतो. लोहा किंवा औसा तालुक्यातल्या घरात मूल आजीबरोबर मालिका बघतं, बापाबरोबर आयपीएल बघतं आणि उरलेला वेळ मोठ्यांच्या मोबाईलवर घालवतं. आयपीएलचं षटक संपलं की शीतपेय येतंच, पण तो काही 'मुलांचा कार्यक्रम' नव्हे. म्हणजे नियम पाळला जातो आणि जाहिरातही पोचते. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाचे माहिती व प्रसारण राज्यमंत्री राज्यवर्धन राठोड यांनी संसदेत सांगितलं होतं की कोकाकोला, नेस्ले यांच्यासह नऊ मोठ्या कंपन्यांनी मुलांच्या वाहिन्यांवर अशा जाहिराती न देण्याचं स्वतःहून ठरवलं आहे. कंपन्यांनी सोडून काय दिलं, हे आता कळतं. जिथे फारसं काही गमवायचं नव्हतं, ती जागा सोडली.

आणि टीव्ही तर दूरच. गावातली खरी जाहिरात किराणा दुकानाच्या दारात लटकते. उंची बघा त्या माळेची. मोठ्या माणसाला ती वाकून बाजूला सारावी लागते आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या ती बरोबर नाकासमोर येते. दुकानावरचा बोर्ड कंपनीने फुकट करून दिलेला असतो. त्यावर शीतपेयाचं नाव हातभर आणि 'श्री खंडोबा किराणा' कोपऱ्यात बोटभर. मुलाला अजून वाचता येत नसतं, तरी नड येत नाही.

"मामा, ते निळं द्या."

"कोणतं रे? निळे दोन आहेत."

"ते खेळणंवालं."

पाच रुपयांच्या स्थानिक पाकिटांत चिमुकली शिट्टी, भिंगरी, स्टिकर, काही वेळा चक्क नोट निघते. पाकिटावर टीव्हीतलं एखादं कार्टून परस्पर छापलेलं असतं. मोठ्या कंपनीवर नियम लावता येतो, पत्ता असतो, वकील असतो. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये भरलेल्या या पाकिटाला टीव्हीच्या जाहिरातीची गरजच नसते. पाकीट हीच त्याची जाहिरात. चिलीने हे ओळखलं. २०१६ पासून तिथे अष्टकोन लागलेल्या पदार्थाच्या पाकिटावर कार्टून चालत नाही आणि आत खेळणंही चालत नाही. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांवरचा जगप्रसिद्ध वाघ तिथे पुसला गेला. पुढे २०१८ पासून सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत टीव्हीवर अशा पदार्थांची जाहिरात संपूर्ण बंद झाली, कार्यक्रम मुलांचा असो वा मोठ्यांचा. २०१६ नंतरच्या पहिल्या दीड वर्षातच तिथे साखरेच्या पेयांची खरेदी २३.७ टक्क्यांनी घटली होती. हे श्रेय एकट्या जाहिरातबंदीचं नाही, लेबल आणि शाळेतली बंदी सोबत होतीच. पण आपल्या अहवालातली सहा ते अकराची कल्पना कुठून आली असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो.

आता आक्षेप. सगळ्यात दमदार आक्षेप मला मराठवाड्यातच ऐकू येतो: "गुटखाबंदीचं काय झालं?" राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि देगलूर-उदगीरच्या बाजूने, कर्नाटक-तेलंगणच्या सीमेवरून येणारा गुटखा पकडल्याच्या बातम्या आजही छापून येतात. बंदी म्हणजे भाव वाढणं आणि हप्ता सुरू होणं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. म्हणून पाकिटांवर विक्रीबंदी आणायला माझा स्वतःचा विरोध आहे. पण विक्री आणि जाहिरात या दोन गोष्टींचा स्वभाव वेगळा. गुटखा गादीखाली लपवून विकता येतो. जाहिरात लपवून करता येत नाही, लपली तर ती जाहिरात राहतच नाही. भिंत, बोर्ड, बस, पडदा हे सगळं उघड्यावर असतं आणि त्यासाठी धाड घालायची गरज पडत नाही. नुसतं बघितलं तरी पुरतं.

आणि हे आपण एकदा करून दाखवलेलं आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यांची जाहिरात शेवटची कधी पाहिली, आठवतं? १९९२च्या कायद्याने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीची जाहिरात बंद झाली. २००३च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या सगळ्या आहाराला लागू झाली. डबे औषधाच्या दुकानात आजही मिळतात, ज्या बाळाला गरज आहे त्याला मिळायलाच हवेत. फक्त गुटगुटीत बाळाचं चित्र दाखवून आईला कुणी फशी पाडत नाही. दोन वर्षं पूर्ण झाली की मात्र त्याच बाळाच्या बाबतीत बाजार मोकळा.

दुसरा आक्षेप आई-बापांच्या जबाबदारीचा. शहरातल्या सुशिक्षित घरांतून तो फार जोरात येतो. जबाबदारी आहेच. पण 'हेल्थ ड्रिंक' म्हणून वर्षानुवर्षं मुलांच्या दुधात ढवळली गेलेली पावडर आठवा. एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला, कंपनीने त्याला नोटीस पाठवली, बाल हक्क आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं. तोवर ज्या आयांनी पोरांची उंची वाढावी म्हणून पोटाला चिमटा काढून तो डबा आणला, त्या बेजबाबदार होत्या काय? त्या जाहिरातीत उंची, बुद्धी, परीक्षा हे सगळं त्यांच्याचसाठी लिहिलेलं होतं.

तिसरा आक्षेप असा की इथली पोरं आधीच वाळलेली, लठ्ठपणाची काळजी पुण्या-मुंबईने करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, हे खरंच आहे. पण पाच रुपयांच्या पाकिटाचा पहिला फटका या वाळलेल्या पोरालाच बसतो. त्याचं पोट लहान असतं. दुपारी चारला मीठ-तेलाने ते भरलं की रात्रीची वरण-भाकरी ताटात तशीच राहते. आणि साखरेचा आजार बारीक अंगाला वगळतो असंही नाही. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी वयाच्या सुमारे दहा टक्के मुलांची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली.

सरकारचं यात एकमत आहे, असं कुणी समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटं, चॉकलेट, नमकीन, झटपट नूडल्स यांच्यावरचा जीएसटी थेट पाच टक्क्यांवर आला, गॅसच्या शीतपेयांवर तो चाळीस टक्के ठेवला. म्हणजे बाटली पाप आणि पाकीट पुण्य. त्याच वर्षी जानेवारीत राज्याने शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा निधी थांबवला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्याला मिळणारं एक अंडं महाग वाटलं आणि फाटकाबाहेरचं पाकीट स्वस्त झालं. यावर जास्त काही लिहीत नाही.

दिल्लीचा कायदा व्हायचा तेव्हा होईल. त्यात कंपन्या न्यायालयात जातील. जाहिरात हाही अभिव्यक्तीचा भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या टाटा प्रेस खटल्यात मान्य केलंच आहे, म्हणून निर्बंध वाजवी आणि नेमके असावे लागतील. पुन्हा तेच आकडे लागतील. पण काही जागा अशा आहेत की जिथे सरकार हेच जाहिरातीचं भाडं घेणारं मालक आहे. लंडनच्या वाहतूक मंडळाने फेब्रुवारी २०१९ पासून आपल्या भुयारी रेल्वेत आणि बसथांब्यांवर जास्त साखर-चरबी-मिठाच्या पदार्थांच्या जाहिराती घेणं थांबवलं. देशाचा कायदा होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. नंतरच्या अभ्यासात, बंदी नसती तर झाली असती त्या मानाने, दर घरामागे आठवड्याला सुमारे हजार किलोकॅलरींची अशी खरेदी कमी झाल्याचं दिसलं.

आपल्याकडे शाळेची पोरं पासवर ज्या एसटीने जातात ती राज्य महामंडळाची. स्थानकाच्या भिंती त्यांच्याच. नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही शहरांत फलकाला परवानगी देते ती महापालिका, आणि शिकवणी वर्गांच्या चौकातले फलकही त्यात आले. जाहिरातीच्या जागांचे ठेके मुदतीचे असतात आणि मुदत संपली की नव्याने निविदा निघते. दारू-तंबाखूच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, ही अट अशा ठेक्यांना नवी नाही. त्याच ओळीत १०० ग्रॅममागे साखर-मिठाचा एक आकडा टाकायचा, आणि तो सर्वसाधारण सभेत ठरावाने मंजूर करून घ्यायचा.