भोसले घराणे : वंशावळ, दत्तकविधान आणि राजकारण

छत्रपती शिवाजी महाराजांच्या भोसले घराण्याची सातारा, कोल्हापूर आणि तंजावर ही तीन राजकुले होत. या तिन्ही ठिकाणी औरस वारसाअभावी दत्तक घेण्याचे प्रसंग वारंवार आले. त्यामुळे या घराण्याची वंशावळ ही केवळ कौटुंबिक नोंद न राहता राज्याच्या मालकीचा दस्तऐवज ठरली.

घराण्याचे मूळ मेवाडच्या सिसोदिया राजपुतांशी जोडणारी वंशावळ १६७४च्या राज्याभिषेकप्रसंगी महत्त्वाची ठरली. तिच्या ऐतिहासिक आधाराविषयी संशोधकांत आजही मतभेद आहेत.

सातारा
छत्रपती शाहू १७४९ मध्ये निपुत्रिक वारले. आपला नातू म्हणून ताराबाईंनी पुढे आणलेले रामराजे गादीवर बसले. मात्र पुढच्याच वर्षी ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवून किल्ल्यावर कैदेत ठेवले. ज्यांच्या शब्दावर वारस सिद्ध झाला, त्यांनीच तो शब्द मागे घेतला, अशी उदाहरणे विरळाच. रामराजांनंतर १७७७ मध्ये वावी येथील भोसले शाखेतील दत्तकपुत्र दुसरे शाहू या नावाने छत्रपती झाले.

त्यांचे पुत्र प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठविले व त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांना गादी दिली. अप्पासाहेबांनी १८४८ मध्ये मृत्युसमयी दत्तक घेतला. धर्मशास्त्राप्रमाणे तो वैध होता आणि साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांनीही त्याची बाजू मांडली. तरीही सार्वभौम सत्तेची पूर्वसंमती नाही, या कारणावरून लॉर्ड डलहौसी यांनी राज्य खालसा केले. डलहौसींच्या खालसा धोरणाचा हा पहिला मोठा बळी होय. प्रतापसिंहांच्या वतीने रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे केलेली खटपटही निष्फळ ठरली.

तंजावर
वंशावळीची सर्वांत टिकाऊ नोंद महाराष्ट्राबाहेर आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये दुसरे सरफोजी यांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्याचा मजकूर त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी रचला. सरफोजी स्वतः तुळजाजींचे दत्तकपुत्र होते. १७८७ मध्ये त्यांना डावलून अमरसिंह गादीवर आले आणि दत्तकाच्या वैधतेवर पंडितांची मते मागविली गेली. सरफोजींना गादी मिळाली ती १७९८ मध्ये. पुढील वर्षीच्या तहाने प्रत्यक्ष कारभार कंपनीकडे गेला. राज्य हातून गेलेल्या आणि वारसाहक्कावर वाद झेललेल्या राजाने कुळाचा वृत्तान्त दगडावर कोरविला, हे लक्षात घेऊनच तो शिलालेख वाचावा लागतो. १८५५ मध्ये पुरुष वारसाअभावी तंजावरचे राजपदही संपुष्टात आले.

कोल्हापूर
राजर्षी शाहू हे मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. येथे दत्तकास मान्यता मिळाल्यामुळे संस्थान टिकले व १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले.

लोकशाहीतील वाटचाल
साताऱ्याच्या घराण्यातील अभयसिंहराजे भोसले काँग्रेसचे आमदार व राज्यात मंत्री होते. त्यांचे पुतणे उदयनराजे १९९८ मध्ये भारतीय जनता पक्षाकडून आमदार झाले. १९९९ मध्ये मात्र त्यांना काकांकडूनच पराभव पत्करावा लागला. २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये ते राष्ट्रवादी काँग्रेसचे खासदार म्हणून निवडून आले. २०१९ मध्येच राजीनामा देऊन ते भाजपमध्ये गेले आणि त्यामुळे झालेली पोटनिवडणूक श्रीनिवास पाटील यांच्याकडून हरले. वंशावळीतील स्थान तेच असताना काही महिन्यांत कौल बदलला. २०२० मध्ये ते राज्यसभेवर गेले व २०२४ मध्ये पुन्हा लोकसभेत आले. अभयसिंहराजांचे पुत्र शिवेंद्रसिंहराजे डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री झाले.

कोल्हापूरचे संभाजीराजे २००९ मध्ये लोकसभेला पराभूत झाले; २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. त्यांचे वडील शाहू छत्रपती हेही दत्तक वारस. २०२४ मध्ये ते काँग्रेसतर्फे संजय मंडलिक यांचा पराभव करून लोकसभेवर निवडून आले.