पाइप 'मुरतो' म्हणजे काय होते?

नवा बिडाचा तवा घरी आणला म्हणून लगेच त्यावर घावन घातले जात नाहीत. तेल लावून, तापवून, पुन्हा तेल लावून तो आधी मुरवावा लागतो. तंबाखू ओढण्याच्या लाकडी पाइपचेही तसेच आहे. कोऱ्या पाइपमध्ये तंबाखू ठासून भरली आणि काडी लावली, तर तंबाखूबरोबर लाकूडही करपू लागते. आपल्या शहरांत पाइप ओढणारे आता क्वचितच दिसतात. तरीही कुणी परदेशातून भेट म्हणून नवा पाइप आणतो, कुणाच्या घरी आजोबांच्या कपाटातून जुना निघतो आणि त्याचे काय करावे, असा प्रश्न पडतो.

गाठीचे लाकूड

चांगले पाइप बहुधा 'ब्रायर'चे असतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याचे खोड आणि मुळे जिथे जुळतात, तिथे जमिनीत एक टणक गाठ तयार होते. ती खणून काढतात, तिचे तुकडे करतात आणि तासन्‌तास उकळतात. त्यामुळे लाकडातील रस व तुरट द्रव्ये निघून जातात. नंतर हे तुकडे कित्येक महिने सावकाश वाळवले जातात. फ्रान्सच्या जुरा या डोंगराळ भागातील सँ-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकापासून याच लाकडाच्या पाइपांसाठी प्रसिद्ध आहे. ब्रायर सहजासहजी पेट घेत नाही. पण निखारा सतत टेकत राहिला तर त्यालाही भोक पडते.

थर धरेपर्यंत धीर

यावरचा उपाय म्हणजे वाटीच्या आतल्या बाजूस बसणारा कोळशाचा थर. तो धरेपर्यंत नवा पाइप पूर्ण भरत नाहीत. पहिल्या काही वेळा तृतीयांश, मग निम्मा आणि त्यानंतर पूर्ण, असा क्रम असतो. थर तळापासून बसावा म्हणून भरलेली तंबाखू शेवटपर्यंत संथपणे ओढली जाते. घाईने झुरके घेतले की वाटी तापते आणि लाकूड तडकण्याची भीती असते. ओढून झाल्यावर लाकडात ओल राहते. म्हणून पाइपला निदान एक दिवस विश्रांती देतात आणि तो गरम असताना नळी ओढून काढत नाहीत.

थर जाड असला म्हणजे अधिक चांगला, असेही नाही. साधारण एक ते दीड मिलिमीटर पुरे. तो त्याहून वाढला, तर तापल्यावर थर आणि लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि वाटीला चीर जाते. तुर्कस्तानातील एस्किशेहिरजवळ मिळणाऱ्या मीरशॉम या पांढऱ्या खनिजाच्या पाइपना मात्र हा नियम लागू नाही. त्यांत थर बसू न देता तो पुसून काढतात.

जुना पाइप हाती आला तर

जुन्या पाइपमध्ये थर आधीच असतो आणि बहुधा तो गरजेपेक्षा जाड असतो. चाकूने खरवडल्यास वाटी वेडीवाकडी होते. त्यासाठी रीमर नावाचे खास अवजार मिळते. लाकूड उघडे पाडायचे नसते, पातळ थर ठेवायचा असतो. दांडीचे भोक मद्यार्कात भिजवलेल्या काडीने साफ करतात. डिनेचर्ड स्पिरिट विषारी असल्याने ते वापरू नये. वास फारच मुरला असेल, तर वाटीत मीठ भरून त्यावर मद्यार्काचे थेंब सोडतात आणि रात्रभर ठेवतात. मद्यार्क पूर्ण उडून जाईपर्यंत पाइप आगीजवळ नेणे धोक्याचे असते. तोंडाशी धरायची काळी नळी अनेकदा गंधक मिसळलेल्या कडक रबराची असते. उजेडाने ती हिरवट पडते व कडवट लागते. घासून तिला पुन्हा झळाळी आणता येते.

कवच लाकडाला, माणसाला नाही

एवढी सगळी खटपट लाकूड वाचवण्यासाठी असते. ओढणाऱ्याला असे कोणतेही कवच मिळत नाही. पाइपचा धूर छातीत घेतला जात नाही, म्हणून तो निरुपद्रवी, हा समज जुना आहे. पण निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतूनही रक्तात जाते. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४च्या अहवालाने पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा संबंध नोंदवला होता. तोंड, घसा, अन्ननलिका व फुप्फुसाच्या कर्करोगाशीही पाइपचा संबंध आता सिद्ध झाला आहे. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणी लागू झालेल्या धूम्रपानबंदीतून पाइप सुटलेला नाही.

आजोबांची आठवण म्हणून पाइप जपायचा असेल, तर वर सांगितलेली सफाई पुरेशी आहे. त्यासाठी तो पेटवावा लागत नाही.