रंग बदलणारे गोड्या पाण्यातील झिंगे : ओळख व जोपासना

भाद्रपद सरून ओढ्यांचे पाणी निवळू लागले म्हणजे पालघर तालुक्यातील शिरगाव व आसपासच्या गावांत मुले फडक्याने झिंगे धरताना दिसतात. या भागात झिंगा म्हटले की समुद्रावरची कोळंबी आठवते. येथे विचार करावयाचा आहे तो मात्र गोड्या पाण्यात राहणाऱ्या, दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या झिंग्यांचा. काचेच्या टाकीत शोभेसाठी ते पाळता येतात, व त्याविषयी शेतकरी बंधू विचारणाही करतात. तक्रार बहुधा एकच असते. ओढ्यात धरले तेव्हा झिंगे हिरवे होते. घरी पांढऱ्या बादलीत ओतले आणि तासाभरात फिके पडले. मग ते मरावयास टेकले असे समजून कोणी फेकून देतो. विकत घेतलेले असल्यास फसवणूक झाली असे मानतो. पुष्कळदा हे दोन्ही समज चुकीचे ठरतात.

झिंग्याच्या पातळ कवचाखाली सूक्ष्म रंगपेशी असतात. पेशीतील रंगद्रव्य तिच्या फांद्यांत पसरले की अंगाचा रंग गडद दिसतो. तेच मध्यभागी ठिपक्याएवढे गोळा झाले की अंग फिके, जवळजवळ पारदर्शक होते. ही हालचाल ज्या संप्रेरकांमुळे घडते त्यांपैकी प्रमुख संप्रेरके डोळ्यांच्या देठांतून रक्तात मिसळतात. म्हणजे झिंगा तळ पाहतो आणि त्याप्रमाणे त्याचा रंग बदलतो. काळसर तळावर तो गडद होतो, पांढऱ्या भांड्यात फिका पडतो. भीती, प्रवास, रात्र व दिवस यांचाही परिणाम होतो. गॅम्बल व कीबल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९०० साली एका समुद्री झिंग्याविषयी असे प्रसिद्ध केले की, तो दिवसा ज्या वनस्पतीवर बसतो तिच्या रंगाचा होतो आणि रात्री निळसर, पारदर्शक दिसतो. शिजवलेली कोळंबी तांबडी होते त्याचे कारण वेगळे आहे. तिच्यातील तांबडे द्रव्य प्रथिनाशी बांधलेले असते; उष्णतेने ते बंधन तुटते व मूळ तांबडा रंग उघडा पडतो.

रंग बदलण्यासाठी ज्याची विशेष ख्याती आहे तो झिंगा आपल्याच देशातील आहे. गी बाबो या फ्रेंच प्रवाशाने हिंदुस्थानातील गोड्या पाण्यातून गोळा केलेल्या नमुन्यांवरून बूव्हिए या शास्त्रज्ञाने १९१८ साली त्याचे वर्णन केले व संग्राहकाच्या नावावरून त्यास ‘कॅरिडिना बाबोल्टी’ असे नाव दिले. हिरवा, तपकिरी, तांबूस, पट्टेदार असे त्याचे अनेक रंग दिसतात, आणि एकाच झिंग्याचा रंगही कायम राहत नाही. तेव्हा रंगावरून जात ठरवू नये. शास्त्रज्ञ नमुने मद्यार्कात ठेवतात. तेथे रंग उडून जातो, म्हणून त्यांनाही शरीररचनेवरच भिस्त ठेवावी लागते.

आपणांस पायांपासून आरंभ करता येईल. कॅरिडिना वंशातील झिंग्यांच्या पुढील दोन जोड्यांतील पायांच्या टोकांस केसांचे झुबके असतात. त्यांनी ते दिवसभर शेवाळ व कुजका पालापाचोळा वेचून खातात. ज्याची दुसरी जोडी लांब असून टोकाला चिमटा आहे व केसांचा झुबका नाही, तो मोठ्या गोड्या कोळंबीच्या वंशातला समजावा. तिची पिले ओढ्यातून सहज मिसळून येतात, पण वाढल्यावर शेजाऱ्यांनाच खातात. ती पहिल्याच दिवशी वेगळी काढावीत. मादीच्या पोटाखालील अंडीही पाहावीत. ती राजगिऱ्याएवढी व थोडी असतील तर पिले गोड्या पाण्यातच वाढण्याचा संभव अधिक. खसखशीहून बारीक व शेकड्यांनी असतील तर अशा पुष्कळ जातींच्या पिलांना आरंभी खारट पाणी लागते. टाकीत ती जगत नाहीत. बाबोल्टी पहिल्या प्रकारातील आहे. शंका उरल्यास तज्ज्ञांस नमुना दाखवावा. मत्स्य महाविद्यालय असलेले शिरगाव हे नव्हे, ते रत्नागिरीचे. त्यापेक्षा वर्सोव्याची १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आपल्याला जवळ पडते.

टाकी पंचवीस-तीस लिटरची पुरे, पण ती सावलीत असावी. तळाशी काळसर वाळू, भरपूर पाणवनस्पती व देशी बदामाची दोन वाळलेली पाने घालावीत. हवा देण्यासाठी स्पंजची गाळणी वापरावी. दुसऱ्या गाळणीत पिले ओढली जातात. पाणी तीस अंशांहून अधिक तापू देऊ नये. समुद्राजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ असल्यास ते घेऊ नये; नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. नवीन झिंगे एकदम ओतू नयेत. त्यांच्या भांड्यात टाकीचे पाणी थेंबथेंब तास-दोन तास सोडावे. आठवड्यास पाचवा हिस्सा पाणी बदलावे. टाकलेली कात काढू नये, झिंगे ती खातात. कात मेलेल्या झिंग्यासारखी दिसते खरी, पण ती आतून पोकळ असते.

फिका पडलेला झिंगा निरोगी असेल तर त्याच्या अंगातून पलीकडची काडी दिसते. अंग शिजलेल्या भातासारखे दुधी झाले असेल तर तो आजारी समजून तत्काळ वेगळा ठेवावा.

या भागातील वाड्यांना एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. पानवेलीवर आपण बोर्डो मिश्रण फवारतो. त्यातील मोरचुदाचे तांबे झिंग्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते. प्रस्तुत लेखकाने एकदा मिश्रण कालवलेली बादली तीन वेळा धुऊन तिने टाकीत पाणी भरले होते. सकाळी चाळीसपैकी एकही झिंगा जिवंत नव्हता. कीटकनाशकांचेही तसेच आहे. झिंग्यांची भांडी, नळी व फडके सर्वस्वी वेगळे ठेवावे आणि वाडीत फवारणी चालू असताना टाकी झाकावी.

बाजारात मिळणारे तांबडे ‘चेरी’ झिंगे पूर्व आशियातील आहेत. ते नकोसे झाले तरी ओढ्यात वा कालव्यात सोडू नयेत, आणि त्यांच्या टाकीचे पाणीही तेथे न ओतता झाडांच्या आळ्यात ओतावे.