खुराड्याची शुद्धी आणि कोंबड्यांचे श्वसनरोग

तलासरी तालुक्यात, गुजरातच्या सीमेला लागून असलेले झाई हे समुद्रकाठचे गाव होय. या किनारपट्टीत आणि लगतच्या वारली पाड्यांत घरामागे थोड्याफार कोंबड्या असतात. त्यांची गणना व्यवसायात होत नाही. परंतु अडीअडचणीला विकता येण्याजोगे हे धन बहुधा घरातील स्त्रीच्या हातचे असते. पावसाळ्यात कोंबड्या शिंकू लागल्या, गळ्यात घरघर वाजू लागली, की खुराड्यात फिनाईल शिंपडावे, हा सर्वपरिचित उपाय. त्याचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे पाहावयाचे तर प्रथम रोगाच्या नावापासून आरंभ करावा लागतो.

कोंबड्यांच्या मरीला मराठीत ‘मानमोडी’ म्हणतात. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झालाही महाराष्ट्रात हेच नाव पडले होते. नाव रोगाचे नसून लक्षणाचे आहे. शास्त्रीय व्यवहारातील ‘राणीखेत’ हे नाव कुमाऊँतील गावावरून आलेले असून, त्याच विषाणुजन्य रोगाला अन्यत्र इंग्लंडमधील न्यूकॅसलचे नाव मिळाले. मान वाकडी होणे हे मज्जासंस्थेला बाधा झाल्याचे चिन्ह होय. पुष्कळदा ते श्वासाच्या त्रासानंतर दिसते. तोवर विष्ठेतून व श्वासातून विषाणू कळपभर पसरलेला असतो. नावावर विसंबून मान वळण्याची वाट पाहणाऱ्याची वेळ अशी निघून जाते.

उलटपक्षी, प्रत्येक घरघर मानमोडीची नसते. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवामुळे होणारा दीर्घकालीन श्वसनरोग मंदगती असतो. या जीवाला पेशीभित्तिका नाही; पेनिसिलिन पेशीभित्तिकेवरच आघात करीत असल्यामुळे येथे ते निरुपयोगी ठरते. टायलोसीनसारख्या औषधाने लक्षणे ओसरतात, पण बरी दिसणारी कोंबडी वाहक राहते आणि अंड्यातून पिलालाही रोग देते. पक्ष्याच्या देहाबाहेर हा जीव फार काळ तगत नाही. अर्थात खुराडे कितीही घासले तरी रोगाचे घर कोंबडीतच राहते. भाताच्या ओल्या तुसावर वाढणाऱ्या बुरशीचा रोग याहून निराळा: त्यावर प्रतिजैविक चालत नाही, तूस बदलणे हाच उपाय. राणीखेतचा विषाणू मात्र विष्ठेत दीर्घकाळ टिकतो. तेथे स्वच्छतेचे मोल सर्वाधिक.

ही स्वच्छता म्हणजे शिंपण नव्हे. विष्ठेच्या थरावर पडलेले जंतुनाशक त्या थरातच खर्ची पडते. विरंजक चूर्णाची शक्ती तर सेंद्रिय मळाशी गाठ पडताच उतरते. म्हणून आधी कोंबड्या बाहेर काढून तूस दूर पुरावे किंवा जाळावे. विष्ठा खरवडून, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने बांबू घासावेत. उन्हात पूर्ण वाळू द्यावेत. मगच जंतुनाशक, आणि शेवटी ताज्या विझवलेल्या कळीच्या चुन्याचा हात द्यावा. त्यानंतर खुराडे दोन आठवडे तरी रिकामे राहावे. अडचण येथेच आहे. घरगुती कळपात पिले, तलंगा आणि म्हाताऱ्या कोंबड्या एकत्र नांदतात; खुराडे रिकामे असे कधी होतच नाही. दोन खुराडी आलटूनपालटून वापरणे हाच त्यातल्या त्यात सुसाध्य मार्ग. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी डालावी. पुस्तकांत सांगितलेली फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी बंद इमारतीसाठी आहे. बांबूच्या फटींतून ती निघून जाते आणि माणसाला तेवढी अपायकारक ठरते.

पावसात खुराड्याला प्लास्टिकचा कागद चोहोबाजूंनी लावण्याची रीत समजण्याजोगी आहे, पण तिच्यामुळे ओलसर विष्ठेतून निघणारा अमोनिया आत कोंडतो. तो श्वासनलिकेतील रोमके निकामी करतो; मग रोगजंतूंना वाट मोकळी होते. हवेच्या दशलक्ष भागांत अमोनियाचे पंचवीस भाग झाले तरी ते घातक मानले जातात. मनुष्याचे नाक या वासाला सरावते, शिवाय ते उंचावर असते. खाली वाकून कोंबडीच्या पातळीवर हुंगल्याखेरीज परीक्षा होत नाही. कागद पावसाच्या बाजूनेच लावावा, आणि वरची फट उघडी ठेवावी.

राणीखेतवर उपचार नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकपुडीत थेंब, पुढे लासोटाची मात्रा, आणि सुमारे आठ आठवड्यांनी आर-टू-बी ही टोचावयाची लस, असा क्रम रूढ आहे. मात्र एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, आणि विरघळवलेली लस थंड ठेवूनही दोनएक तासांतच संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराने ती कशी फोडावी? म्हणून येथे लसीकरणाचे एकक घर नसून पाडा होय. संध्याकाळी सर्वत्र कोंबड्या डालल्या, की एकाच फेरीत एक कुपी पुरी होते.

एक अपवाद ध्यानी ठेवावयाचा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. २०२२ च्या फेब्रुवारीत तो पालघर जिल्ह्यातच वसई-विरार भागात आला. एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्या, तर तो राणीखेत की बर्ड फ्लू हे डोळ्यांनी ठरत नाही. अशा वेळी मेलेला पक्षी सोलू नये, उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेऊ नयेत, आणि खुराडे धुण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.