विनोद, नागरिक आणि कचरा

प्रस्तावना

चहाच्या टपरीवर, रेल्वेच्या डब्यात किंवा गावच्या पारावर चार माणसे एकत्र आली की बोलण्याचा ओघ बहुधा ठरावीक विषयांकडे वळतो : महागाई, पुढारी, रस्त्यातील खड्डा, तुंबलेले गटार आणि चार दिवस न फिरकलेली घंटागाडी. विषय त्रासाचे असतात. पण कोणीतरी एखादे खुसखुशीत वाक्य बोलून जातो आणि सगळे मनापासून हसतात. हसून झाले की प्रत्येक जण आपापल्या वाटेने जातो. खड्डा जागच्या जागी राहतो आणि गटारही तुंबलेलेच राहते.

मग या हसण्याचा उपयोग काय? मनातला राग थोडा हलका होतो, एवढाच? की हसण्यातून काही बदलूही शकते? प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी प्रत्येकाच्या दारात सापडणारे एक उदाहरण घेतले आहे : कचरा.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण :

• मराठी परंपरेत विनोदातून समाजाला व सत्तेला प्रश्न कसे विचारले गेले, हे सांगू शकाल;
• विनोदाच्या निरनिराळ्या दिशा ओळखू शकाल;
• कचऱ्याच्या प्रश्नात शासन आणि नागरिक या दोघांचा वाटा स्पष्ट करू शकाल;
• म्हणींचा अर्थ जाणून त्यांचा योग्य वापर करू शकाल.

१. हसत हसत सत्य सांगण्याची परंपरा

कडू औषध गुळातून द्यावे, तसे कडू सत्य विनोदातून द्यावे, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी भारुडे रचली. त्यांत जोशी, गोंधळी, वासुदेव अशी लोकांच्या नित्य परिचयाची पात्रे येतात. विंचवाच्या भारुडात विंचू चावलेल्या माणसाची तारांबळ पाहून प्रेक्षक हसतात. थोड्या वेळाने उलगडा होतो, की हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि तो आपल्यालाही केव्हाच चावलेला आहे. दुसऱ्याला हसता हसता श्रोता स्वतःपाशी येऊन पोहोचतो.

तमाशाने ही शक्ती सत्तेकडे वळवली. गण, गवळण, बतावणी आणि वग असा तमाशाचा क्रम असतो. वगातला राजा कल्पित, त्याचे राज्यही कल्पित. परंतु सोंगाड्या त्या राजाची जी फजिती करतो, ती पाहणाऱ्याला आपल्या काळातल्या राज्यकर्त्यांची आठवण करून देते. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात दादा कोंडके यांनी रंगवलेला हवालदार प्रयोगाच्या ओघात ताज्या घडामोडींवर टोले मारी आणि प्रेक्षागृह हास्यात बुडून जाई.

लेखणी आणि कुंचला यांनीही हेच काम केले. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ या लेखमालेत रूढी आणि अंधश्रद्धा यांची थट्टा केली. मुंबईत व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘सामान्य माणूस’ उभा केला. चौकडीचा कोट आणि धोतर घातलेला हा माणूस चित्रात काहीच बोलत नाही. पुढारी बोलतात, अधिकारी बोलतात आणि तो फक्त पाहतो. त्याच्या मौनानेच पुढाऱ्यांचे शब्द पोकळ वाटू लागतात.

२. हसण्याच्या तीन दिशा

सगळे हसणे सारखे नसते. आपण कोणाकडे पाहून हसतो, यावर त्याचे मूल्य ठरते. ढोबळमानाने त्याच्या तीन दिशा सांगता येतील.

पहिली दिशा वरची. ज्यांच्या हाती सत्ता आहे, त्यांच्या चुकीकडे बोट दाखवून केलेला हा विनोद असतो. पावसाळ्याच्या तोंडावर ‘नालेसफाई पूर्ण’ अशी घोषणा होते आणि पहिल्याच सरीत रस्त्याची नदी होते, तेव्हा लोक म्हणतात, “नाले इतके स्वच्छ केले, की पाण्याला आत जायला संकोच वाटतो!” सामान्य माणसाजवळ अधिकार नसतो, त्याच्याजवळ जीभ असते. लोकशाहीत हा विनोद आवश्यक आहे, कारण तो सत्तेला जमिनीवर ठेवतो.

दुसरी दिशा खालची. आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाला हसणे ती दाखवते. कोणाची भाषा, कोणाचे काम, कोणाचे कपडे यांची टवाळी करणे सोपे असते, कारण समोरचा उलट उत्तर देऊ शकत नाही. रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना अशी टवाळी आणि संशय पिढ्यान्पिढ्या सोसावा लागला. वस्तुतः त्या वेचतात तो कागद, काच आणि पत्रा पुन्हा कारखान्यात जातो व शहराचा भार तेवढा हलका होतो. पुण्यात १९९३ मध्ये अशा कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे त्यांना मिळाली आणि त्यांच्या कामाला काम म्हणून ओळख लाभू लागली.

या संदर्भात एक विनोद सर्वत्र सांगितला जातो. दारावरची घंटा वाजते. मुलगा आत ओरडतो, “आई, कचरेवाला आला!” बाहेरचा माणूस शांतपणे म्हणतो, “बाळ, कचरेवाले तुम्ही. मी सफाईवाला.” एका वाक्यात सारे नाते उलटे होते. खाली पाहून हसणाऱ्याला हा विनोद स्वतःकडे पाहायला लावतो.

हीच तिसरी दिशा : आतली. स्वतःवर हसण्याची. ही सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगाची.

पाठगत प्रश्न – १

१. विंचवाच्या भारुडातील विंचू कशाचे प्रतीक आहे?
२. लक्ष्मण यांच्या ‘सामान्य माणसा’चे वैशिष्ट्य कोणते?
३. दुबळ्या माणसाला हसणे सोपे का असते?

३. तुंबलेल्या गटाराची दोन तोंडे

आता कचऱ्याच्या उदाहरणाकडे वळू. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत अतिवृष्टी झाली. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. रेल्वे थांबली, हजारो माणसे रात्रभर रस्त्यांवर अडकली, घरे बुडाली, शेकडो लोक प्राणांना मुकले.

एवढे पाणी कोणत्याही शहराला सहज पेलले नसते, हे खरे. परंतु इतरही कारणे पुढे आली. मुंबईतील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. मिठी नदीचे पात्र भराव आणि अतिक्रमणे यांमुळे आक्रसले होते. भरतीच्या वेळी समुद्र पाणी आत घेत नव्हता. त्यांतच नाल्यांमध्ये कचरा साचला होता आणि त्या कचऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्या फार मोठ्या प्रमाणात होत्या.

एक पातळ पिशवी एवढे काय करू शकते? पिशवी हलकी असते. वाऱ्याने उडते, पाण्याबरोबर वाहते आणि गटाराच्या जाळीवर जाऊन चिकटते. पालापाचोळा कुजून जातो, पिशवी कुजत नाही. तिच्यामागे माती, कागद, खरकटे अडते. पाहता पाहता तेथे बांध तयार होतो. नदीवर बांध घालायला अभियंते लागतात. गटारावर बांध घालायला आपण पुरेसे आहोत.

या अनुभवानंतर २००६ मध्ये महाराष्ट्रात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्याने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकल्या जाणाऱ्या काही ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली. नियम एकामागून एक होत गेले. तरीही भाजी घेताना “एक पिशवी द्या हो!” हे वाक्य बाजारातून नाहीसे झाले नाही.

येथे विनोदाची परीक्षा होते. चहा पिता पिता एक गृहस्थ तुंबलेल्या गटाराबद्दल नगरसेवकाची यथेच्छ खिल्ली उडवतात, चहा संपवतात आणि रिकामा पेला त्याच गटारात भिरकावतात. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण अशा वेळी सहज आठवते. शेजाऱ्याने कचरा टाकला तर तो बेशिस्त, आपण टाकला तर “आज जरा घाई होती”. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!’

परंतु सगळा दोष नागरिकांच्या माथी मारणेही अन्यायाचे ठरेल. कचऱ्याची पेटी एक मैल दूर असेल, घंटागाडी वस्तीत येतच नसेल, तर तेथील माणसाने कचरा कोठे न्यावा? नदीच्या पात्रात भराव टाकायला कोणी परवानगी दिली, हे विचारलेच पाहिजे. तुंबलेल्या गटाराला दोन तोंडे असतात : एक कार्यालयाकडे उघडते, दुसरे आपल्या स्वयंपाकघराकडे. फक्त वर पाहून हसणारा दुसरे तोंड विसरतो. फक्त स्वतःला दोष देणारा पहिले विसरतो.

४. गाडगेबाबांचा खराटा

ही दोन्ही तोंडे ओळखणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि जवळ मातीचे गाडगे, अशा वेषात ते गावोगाव हिंडत. गावात शिरले की प्रथम रस्ते झाडायला लागत. परका माणूस आपली घाण काढतो आहे, हे पाहून गावकरी ओशाळत आणि एकेक जण झाडू घेऊन येई.

रात्री त्याच गावात कीर्तन होई. बाबांची भाषा वऱ्हाडी, साधी आणि मिस्कील. ते उपदेशाची लांबण लावत नसत. श्रोत्यांना प्रश्न विचारत. कर्ज काढून जेवणावळी घालणे, नवसासाठी मुकी जनावरे मारणे, दारूपायी संसार उधळणे यांविषयी ते असे प्रश्न करीत, की श्रोते हसत आणि हसत हसतच उत्तर देऊन मोकळे होत. उत्तर स्वतःच्याच तोंडून आलेले असल्यामुळे ते नाकारता येत नसे.

बाबांच्या विनोदाला एवढे बळ कोठून आले? सकाळच्या खराट्यातून. स्वतः रस्ता झाडलेल्या माणसाने केलेली थट्टा कोणाला झोंबली तरी खोटी वाटत नसे. मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र गाडग्यापुरतेच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले. त्या अभियानात गावांनी श्रमदान करून आपले रस्ते आणि गटारे साफ केली.

५. हसून झाल्यावर

हसण्याने माणूस क्षणभर निर्भय होतो. त्या निर्भयतेचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी झाला, तर विनोद सार्थकी लागतो. टपरीवर हशा पिकवणारे वाक्य ग्रामसभेत सभ्य शब्दांत विचारता येते : “नालेसफाईवर किती खर्च झाला?” २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने असा प्रश्न लेखी विचारण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. दुसऱ्या बाजूने, ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा ठेवणे, बाजारात जाताना कापडी पिशवी नेणे, एवढे तर कोणत्याही अर्जाशिवाय करता येते.

विनोद कसा करावा, याचेही भान हवे. अनेक भिंतींवर कचरा टाकणाऱ्याला गाढव ठरवणाऱ्या पाट्या असतात. शिवी वाचून माणूस सुधारत नाही. तो अंधार पडल्यावर कचरा टाकतो. त्याच भिंतीवर “येथे टाकलेली पिशवी पावसाळ्यात घरपोच परत मिळेल” असे लिहिले, तर वाचणारा आधी हसेल आणि मग हातातल्या पिशवीकडे पाहील. तेवढे पाहणे घडावे, हेच चांगल्या विनोदाचे काम.

आपण काय शिकलात?

• भारूड, तमाशा, व्यंगचित्र, कीर्तन यांनी विनोदातून समाजाला आणि सत्तेला प्रश्न विचारले.
• विनोद सत्तेकडे, दुबळ्यांकडे किंवा स्वतःकडे वळू शकतो. दुबळ्यांना हसणारा विनोद समाजाची हानी करतो.
• कचऱ्याच्या प्रश्नात प्रशासन आणि नागरिक दोघेही उत्तरदायी आहेत.
• विनोदाला कृतीची जोड मिळाली, की त्याचा शब्द खरा ठरतो.

स्वाध्याय

१. ‘तुंबलेल्या गटाराला दोन तोंडे असतात’ या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. गाडगेबाबांच्या विनोदाला बळ कशामुळे आले? सकारण लिहा.
३. पाठातील दोन म्हणी शोधा आणि प्रत्येकीचा स्वतःच्या अनुभवातील प्रसंगात उपयोग करा.
४. आपल्या वस्तीतील एखाद्या सार्वजनिक अडचणीविषयी, कोणाचाही अपमान न करता वाचणाऱ्याला हसवील आणि विचार करायला लावील, अशी एका ओळीची पाटी तयार करा. त्याच अडचणीविषयी संबंधित कार्यालयाला एक औपचारिक पत्र लिहा.