मिरासदार, उपरे आणि नागरिक

पुणे प्रांतातील जुन्या कागदपत्रांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग आढळतात. एक मिरासदारांचा, दुसरा उपऱ्यांचा. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वडिलोपार्जित असे. दुष्काळात किंवा स्वारीच्या धामधुमीत तो परागंदा झाला, तरी पुढे त्याला अथवा त्याच्या वारसांना परत येऊन आपली जमीन मागता येई. उपरी कूळ बाहेरून आलेले असे. ते जमीन कसे, सारा भरे, परंतु गावाच्या कारभारात त्याच्या शब्दाला मिरासदाराच्या शब्दाचे वजन नसे. माणसाचा हक्क तो कोणाच्या पोटी जन्मला यावर ठरावा, की तो कोठे जन्मला आणि कोठे राबला यावर, हा प्रश्न त्या व्यवस्थेत होता. आज जगभर तोच प्रश्न नागरिकत्वाच्या कायद्याच्या रूपाने पुन्हा ऐरणीवर आला आहे.

पुण्याची सर्वांत जुनी वस्ती मानली जाणारी कसबा पेठ या प्रश्नाकडे पाहण्यासाठी सोयीची जागा आहे. ग्रामदैवत कसबा गणपती येथला, म्हणून अस्सल पुणेरीपणाचा मान या पेठेकडे जातो. मात्र तांबट आळीत ज्यांच्या हातोड्यांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या घुमला, ते तांबट मूळचे कोकणातले. शेजारी शनिवारवाडा उभारणारे पेशव्यांचे भट घराणेही श्रीवर्धनहून आलेले. व्यापारी आणि कारागीर यांना कौल देऊन, काही वर्षांची करमाफी देऊन पेठा वसवण्याची तेव्हाची रीतच होती. राज्यकर्त्यांना माणसे हवी होती, तेव्हा उपऱ्यांना दार उघडे होते.

दोन तत्त्वे

आधुनिक कायद्यात जन्माने नागरिकत्व देण्याची दोन तत्त्वे आहेत. पहिले जन्मभूमीचे : देशाच्या भूमीवर जन्मलेले मूल त्या देशाचे. दुसरे वंशाचे : नागरिकाचे मूल जगात कोठेही जन्मले तरी आईवडिलांच्या देशाचे. अमेरिकेने १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने पहिले तत्त्व राज्यघटनेत कोरले. जर्मनीने दीर्घकाळ दुसऱ्याचा आग्रह धरला आणि २००० पासून पहिल्याला काही अटींवर जागा दिली. ब्रिटनने १९८३ पासून उलटी वाट धरली. केवळ ब्रिटिश भूमीवरील जन्म तेथे पुरेसा राहिला नाही. यांपैकी कोणतेही तत्त्व निसर्गदत्त नाही. त्या त्या वेळी दारात कोण उभे आहे, हे पाहूनच राज्ये आपले नियम बदलत आली आहेत.

भारताच्या संविधान सभेत हा वाद ऑगस्ट १९४९ मध्ये रंगला. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, या अनुच्छेदाइतकी डोकेदुखी क्वचितच दुसऱ्या कोणत्या तरतुदीने दिली असेल, अशी कबुली दिली. फाळणीनंतरच्या निर्वासितांचे लोंढे समोर होते. मसुद्यावर कडाडून टीका करणाऱ्यांत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख होते. विमानाने मुंबईत उतरलेल्या परदेशी जोडप्याला काही तासांच्या मुक्कामात मूल झाले तर तेही भारतीय ठरेल, अशाने आपले नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. अन्य देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू वा शीख व्यक्तीला मात्र हा हक्क मिळावा, असे त्यांनी सुचवले. सभेने ती सूचना मान्य केली नाही.

वस्तुतः मसुद्यात जन्मासोबत अधिवासाचीही अट होती, त्यामुळे देशमुखांचे उदाहरण त्याला तंतोतंत लागू पडत नव्हते. ते लागू पडले सहा वर्षांनी. संसदेने १९५५ मध्ये नागरिकत्व अधिनियम केला, तेव्हा परकीय राजदूतांची मुले यांसारखे मोजके अपवाद वगळता, २६ जानेवारी १९५० पासून भारतात जन्मलेले प्रत्येक मूल भारतीय ठरले. आईवडील कोण, हे कोणी विचारत नव्हते. देशमुख तेव्हा केंद्रीय कृषिमंत्री होते.

दोन तारखांचा फरक

हे उदार दार पुढे दोन टप्प्यांत आत ओढले गेले. बांगलादेशातून होणाऱ्या स्थलांतराविरुद्ध आसामात आंदोलन पेटले, १९८५ मध्ये आसाम करार झाला आणि पाठोपाठ कायदा बदलला. १ जुलै १९८७ पासून येथे जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी किमान एक जण भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली : दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय असेल तर दुसरा अवैध स्थलांतरित नसावा. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना 'अवैध स्थलांतरित' या व्याख्येतून वगळले. म्हणजे येथे प्रथमच धर्म हाही निकष झाला. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये जाहीर झाले.

या तारखांचा अर्थ एका घरात उतरवून पाहावा. १९५० च्या करारानुसार नेपाळी नागरिकांना भारतात राहण्यास व काम करण्यास व्हिसा लागत नाही. पुण्यात पहारेकऱ्याची नोकरी करणाऱ्या नेपाळी दांपत्याचा थोरला मुलगा जून १९८७ मध्ये येथे जन्मला असेल, तर तो जन्माने भारतीय आहे. धाकटा १९८८ मध्ये त्याच रुग्णालयात जन्मला असेल, तर तो नाही. शाळा एक, बोली एक, गणेशोत्सवातील मांडवही एकच. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर जन्माची तारीख, ठिकाण व आईवडिलांची नावे असतात. त्यावरून मुलाचे नागरिकत्व आपोआप सिद्ध होत नाही. आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र असल्यानेही कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन प्रकरणात स्पष्ट केले. जन्माचा पुरावा जवळ असला तरी २००४ नंतरच्या पिढीला आईवडिलांचे कागदही जपावे लागणार आहेत.

परदेशातील नातवंडे

आता त्याच पेठेतील दुसरे घर पाहू. मुलगा-सून तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत नोकरी करतात आणि नात तिथे जन्मते. जन्मभूमीच्या तत्त्वाने ती अमेरिकी नागरिक होते. वंशाच्या तत्त्वाने तिला भारतीयही होता येते, पण त्यासाठी साधारणतः वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करून, तिच्याकडे अन्य देशाचे पारपत्र नाही असे घोषित करावे लागते. बहुतेक पालक अमेरिकी पारपत्रच घेतात. मग उरते ते परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे 'ओसीआय'चे कार्ड. त्याने येण्याजाण्याची मुभा मिळते, मतदानाचा किंवा शेतजमीन विकत घेण्याचा हक्क मिळत नाही. तरीही पणजोबा भारतीय असले तरी हे कार्ड मिळू शकते, आणि त्यात जुन्या मिरासीची छाया दिसते. गेलेल्याच्या वारसासाठी गावाने कवाड किलकिले ठेवले आहे.

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला. अवैधरीत्या किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या मातेच्या पोटी जन्मलेल्या मुलाचा पिता नागरिक वा कायम रहिवासी नसेल, तर त्या मुलाला जन्माने नागरिकत्व नाही, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी तेथील कनिष्ठ न्यायालयांनी अंमलबजावणी रोखली, परंतु अनेक मराठी घरांत तेव्हा काळजी पसरली. ती रास्तच होती. कायदा पाळणाऱ्या, कर भरणाऱ्या दांपत्याच्या तान्ह्या मुलाला परके का ठरवावे, हा प्रश्न बिनतोड होता.

हाच प्रश्न आपल्या शहरातही विचारता येतो, आणि तेथे मते बदललेली दिसतात. सीमेवरील नियंत्रण, मनुष्यबळ आणि सुरक्षितता यांची चिंता कोणत्याही राज्याला करावीच लागते, ती खोटी म्हणता येत नाही. शिवाय बिहार वा उत्तर प्रदेशातून आलेला मजूर 'परप्रांतीय' असला तरी परदेशी नाही. भारतात नागरिकत्व एकच आहे आणि अधिवासही एकच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितले आहे. खरा पेच उरतो तो येथे जन्मलेल्या परकीयांच्या मुलांचा. दोष असलाच तर तो आईवडिलांचा असतो, शिक्षा मात्र वारसाने मिळते. ज्याला अन्य कोणताही देश आपला म्हणत नाही अशा मुलासाठी नागरिकत्व अधिनियमाच्या जन्मविषयक कलमात वेगळी तरतूद नाही. राष्ट्रविहीनता कमी करण्याच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही भारत सहभागी नाही.

जुन्या व्यवस्थेत उपऱ्याला कायमचे उपरे राहावे लागत नसे. मोल भरून, गावाच्या संमतीने त्याला मिरासपत्र मिळवता येई. आजचा कायदाही परदेशी व्यक्तीला सुमारे १२ वर्षांच्या वैध वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करू देतो. अवैध ठरलेल्यांना तो मार्ग बंद आहे. त्यांच्या येथेच जन्मलेल्या आणि येथेच वाढलेल्या मुलांसाठी तो किती काळ बंद ठेवायचा, याचा निर्णय संसदेला कधीतरी करावा लागेल. अमेरिकेतील नातीसाठी कोणता नियम न्याय्य वाटतो, हे त्या चर्चेपूर्वी पुणेकरांनी स्वतःशी ठरवलेले बरे.