पडद्यावरचं नस्तालीक

भोकरला आम्ही मराठी-उर्दू दोन्ही शिकवतो. मोबाईलवर उर्दू मजकूर आला की मुलं अडखळतात. तिथं बहुधा नस्ख दिसतं, पुस्तकात नस्तालीक असतं. हल्ली याविषयी वाचलं, तेव्हा कारण कळलं. मराठी शब्द शिरोरेषेखाली सरळ चालतो. नस्तालीकमधला शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरतो, शेजारी बदलला की अक्षराचं रूपही बदलतं. म्हणून मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २०,००० अक्षरजोड हातानं लिहिले. १९८१ मध्ये लाहोरचा ‘जंग’ त्यावर छापला गेला. कातिबांची रोजी मात्र तिथून आटत गेली, हे आम्हाला बोचतं. विंडोजमधला मराठीचा ‘मंगल’ फॉन्टही हातानं अक्षर घडवणाऱ्याचाच: कवी-सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. घरी उर्दू टाईप करायचं असेल, तर ‘नोटो नस्तालीक उर्दू’ फॉन्ट फुकट मिळतो.